स्वराखालची रेघ

गाणं ऐकण्यासाठी असतं, हे आपण सगळेच जाणतो. पण गाणं छापावंही लागतं, आणि छापताना ते बिघडूही शकतं, हे मला फार उशिरा कळलं. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय ऐकायला रूक्ष वाटेल : स्वरलिपीच्या छापील पानाची मांडणी. कोणती खूण कुठे, कोणत्या ओळीखाली काय, ओळ कुठे तोडायची, पान कुठे उलटायचं. मी गायक नाही, मुद्रकही नाही. मी कविता लिहिणारा माणूस. तरीही या विषयात पडलो, कारण एकदा माझ्याच कवितेच्या गळ्याशी आलं.

२००४ सालची गोष्ट. माझी आई पहाटे जात्यावर बसायची. ती गेल्यावर घरातलं जातं थांबलं. त्या थांबलेल्या जात्यावर मी एक छोटं गीत लिहिलं होतं. आमच्या गावातल्या गायनाच्या बुवांनी त्याला शिवरंजनीत चाल लावली. पहिल्यांदा त्यांनी ते पेटीवर म्हणून दाखवलं, तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. पुढे मुलांसाठी गीतांचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरलं. प्रत्येक गीतासोबत स्वरलिपी द्यायची, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या शाळांतून बाई-गुरुजींना पेटीवर चाल बसवता येईल, असा बेत होता. पुस्तक निघालं, शाळांत गेलं. दीड वर्षानं एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला बुवांना आणि मला बोलावणं आलं. पंधरा-वीस मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि जात्याचं गाणं म्हणू लागल्या. सुरेल म्हणत होत्या. पण गाणं आनंदाचं झालं होतं! पहाट झाली, चला कामाला लागू, असं काहीतरी ते सांगत होतं. बुवा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "भाई, तुमची आई हसायला लागली की हो!"

घरी येऊन पुस्तक उघडलं. चूक एका रेघेची होती. शिवरंजनीत सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर, त्यात गंधार कोमल. आपल्याकडे कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ देतात. पुस्तकात माझ्या गाण्यातल्या एकाही ग खाली रेघ नव्हती. रेघ गेली की कोमल गंधार शुद्ध झाला, आणि सा, रे, शुद्ध ग, प, ध म्हणजे भूप. शिकवणाऱ्या बाईंची काही चूक नव्हती. छापलेलं त्यांनी इमानानं वाजवलं. आणि भूप हा इतका गोड राग आहे, की काहीतरी चुकतंय अशी शंकाही कुणाला आली नाही.

तेव्हापासून मी स्वरलिपीचं पान नीट पाहायला लागलो.

आपल्याकडे स्वर लिहून ठेवायचा विचार जुना असला, तरी छापून शाळेत शिकवायचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि तिच्यात विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं केली. उस्तादाच्या पायाशी बसून वर्षानुवर्षं कानानं घ्यायची विद्या त्यांनी कागदावर आणायचं धाडस केलं. मग आले आपले दोन विष्णू. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर आणि मुंबईचे विष्णू नारायण भातखंडे. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिकवण्यासाठी 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' अशी पुस्तकं स्वतःच्या स्वरलिपीत छापली. लहानपणी दारूकामाच्या अपघातानं त्यांची दृष्टी अधू झाली होती. तरी बारीक बारीक खुणांची पुस्तकं काढण्यात त्यांनी आयुष्य घातलं. भातखंडे पेशानं वकील. त्यांनी देशभर फिरून, उस्तादांची मनं वळवून बंदिशी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या मराठीत प्रसिद्ध झाल्या. दीड हजाराहून जास्त बंदिशी! आज आपण शाळा-कॉलेजात जी लिपी पाहतो, ती बहुतेक भातखंड्यांची.

ही लिपी शिकायला अर्धा तास पुरतो. मधल्या सप्तकातला शुद्ध स्वर नुसता लिहायचा : सा, रे, ग. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू. वरच्या, म्हणजे तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी छोटी रेघ, आणि त्याच वेळी खालच्या ओळीत शब्दाचं अक्षर लांबत असेल तर अवग्रह. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस. मींड असेल तर स्वरांच्या डोक्यावरून कमान. कणस्वर बारीक टाइपात मुख्य स्वराच्या डाव्या खांद्यावर. आणि एखादा स्वर गोल कंसात असेल तर पुढचा स्वर, तोच स्वर, मागचा स्वर, पुन्हा तोच, अशी झटकन घ्यायची चौकडी. म्हणजे कंसातला प दिसला की गायचं ध-प-म-प. दोन छोट्या कंसांत केवढा ऐवज!

आता गंमत पाहा. पलुस्करांच्या लिपीत मंद्र सप्तकाच्या स्वरावर बिंदू असतो आणि तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ. म्हणजे डोक्यावर बिंदू असलेला सा भातखंड्यांचं पुस्तक वाचणारा वरच्या पट्टीत गाईल, आणि पलुस्करांचं पुस्तक वाचणारा खालच्या. एकच खूण, अंतर दोन सप्तकांचं. उर्दू लिहिणाऱ्यांना असल्या नुक्त्याची दहशत ठाऊक असते. त्या लिपीत 'खुदा' आणि 'जुदा' या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त नुक्त्याच्या जागेचा. डोक्यावर असला तर खुदा, पोटात असला तर जुदा. म्हणून स्वरलिपीच्या पुस्तकाचा पहिला नियम असा, की सुरुवातीलाच चिन्हांची यादी द्यावी आणि शेवटपर्यंत ती पाळावी. कोणती लिपी चांगली हा वाद नंतर करावा. आपण कोणती वापरतो आहोत हे आधी सांगावं.

दुसरा नियम उभ्या ओळीचा. भातखंडे पद्धतीच्या पानावर वर स्वर, त्याखाली गीताची अक्षरं आणि त्याखाली तालाच्या खुणा असतात. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना दोन, तीन असे आकडे. विभागांच्या मध्ये उभ्या रेघा. तीनताल असेल तर चार-चार मात्रांचे चार विभाग, झपतालाला दोन-तीन-दोन-तीन. ही सगळी मांडणी उभी वाचली तरच तिला अर्थ असतो. समजा 'पाऊस' हा शब्द चार मात्रांत बसवला आहे. वरच्या ओळीत सा, रेघ, रे, ग. खालच्या ओळीत पा, अवग्रह, ऊ, स. यात अवग्रह बरोबर रेघेखाली आला पाहिजे आणि ऊ बरोबर रे खाली. खालची ओळ एक घर सरकली, की शब्द एका मात्रेनं पुढे पळतो आणि समेवर भलतंच अक्षर येऊन आदळतं. माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला हे फार लागतं. शब्दावरचा आघात कुठे पडावा हे ठरवायला आम्ही रात्र घालवतो आणि एक सरकलेला रकाना ते धुऊन टाकतो.

तिसरा नियम ओळ तोडण्याचा. साध्या मजकुराची ओळ कुठेही संपली तरी चालते. स्वरलिपीची ओळ आवर्तनाबरोबर संपली पाहिजे. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत. ओळ संपली की डोळा खाली येतो आणि त्याच जागी ताल पुन्हा सुरू होतो. म्हणून पुष्कळ बंदिशींच्या पानावर पहिला विभाग समेचा नसतो. तीनतालातली कितीतरी गीतं खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलतात. अशा वेळी ओळीची सुरुवात शून्यापासून करतात. मग तीन, मग फुली, मग दोन. नवख्याला वाटतं, ताल उलटा छापलाय. पण त्यात शहाणपण आहे. मुखडा ओळीच्या सुरुवातीला येतो, सम मध्यावर येते आणि गाणाऱ्याच्या श्वासाची ओळ व कागदाची ओळ एक होते. विलंबित ख्यालात मात्र एका मात्रेत इतके स्वर येतात की आवर्तन एका ओळीत मावत नाही. तिथे निदान विभाग तरी तुटू नये, एवढं पाहायचं.

जागा वाचवायच्या नादात हे नियम सर्वांत आधी मोडतात. कवितेच्या कडेची कोरी जागा प्रकाशकाला वाया गेल्यासारखी वाटते, तशीच स्वरलिपीतलीही वाटते. पण तिथे कोरी जागा म्हणजे वेळ असतो. मात्रेचं घर रिकामं दिसलं तरी ते वाजत असतं.

आता जरा पश्चिमेकडे जाऊ. तिकडची लिपी आपल्यापेक्षा मुळातच वेगळी. आपण स्वराचं नाव लिहितो, ते स्वराचं चित्र काढतात. पाच आडव्या रेघा, त्यांवर ठिपके. ठिपका वर गेला की सूर वर. धून डोळ्यांना चढताना-उतरताना दिसते. पण हे छापायचं कसं? व्हेनिसच्या ओत्ताविआनो पेत्रुच्ची यांनी १५०१ मध्ये सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीताचं पहिलं पुस्तक छापलं. एकाच कागदावर रेघा वेगळ्या, स्वर वेगळे, शब्द वेगळे असे फेरे द्यायचे. फेऱ्यात कागद केसभर हलला तरी ठिपका रेघेवरून घरात जाणार आणि सूर बदलणार. काम देखणं, पण वेळखाऊ. पुढे १५२८ च्या सुमारास पॅरिसच्या पिएर आतेन्यां यांनी प्रत्येक खिळ्यावर स्वर आणि रेघांचा तुकडा एकत्रच ओतायची पद्धत रूढ केली. एका फेऱ्यात छपाई होऊ लागली. फक्त जोडावर रेघा तुटक दिसायच्या. म्हणजे घाई विरुद्ध देखणेपण हे भांडण पाचशे वर्षांचं जुनं आहे.

नंतर धातूच्या पत्र्यावर कोरीवकाम आलं. पाच दातांच्या हत्यारानं रेघा ओढायच्या आणि पोलादी ठशांनी एकेक स्वर ठोकायचा. आणि हे सगळं उलटं, आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे! (उर्दू लिहिणाऱ्याला यात विशेष नवल वाटू नये.) चूक झाली तर पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा ठसा मारायचा. या कारागिरांनी जे संकेत बसवले तेच आज संगणकातही आहेत. मधल्या रेघेच्या खालच्या स्वराची काडी वर जाते, वरच्या स्वराची खाली, म्हणजे काड्या रेघांच्या पट्ट्याबाहेर फार भरकटत नाहीत. लांब स्वराला जागा जास्त, पण दुप्पट लांबीला दुप्पट जागा नाही, थोडी कमी. तसं केलं तरच डोळ्याला चाल समान वाटते. वर मधोमध गीताचं नाव, उजवीकडे संगीतकार, डावीकडे कवी. कवीला जागा दिली आहे, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्यांचा सर्वांत माणुसकीचा संकेत मला वाटतो तो पान उलटण्याचा. व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यानं पान उलटायचं केव्हा? म्हणून जाणकार मांडणीकार उजव्या हाताच्या पानाच्या शेवटी वादकाला विश्रांती येईल अशी आखणी करतो. प्रसंगी अर्धं पान कोरं सोडतो. आणि विश्रांती फारच थोडी असेल तर खाली दोन अक्षरं लिहितो : व्ही. एस. म्हणजे व्होल्ती सूबितो, झटकन पान उलटा. कागद तयार करणाऱ्यानं वाजवणाऱ्याच्या हाताचा विचार केला आहे, हे त्या दोन अक्षरांत दिसतं.

ही विद्या आपल्यापासून दूर नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना ही लिपी शिकवली जायची. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात आले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी संगीतकारांच्या चालींवर वाद्यमेळ बांधला. व्हायोलिनवाल्याचा कागद वेगळा, ट्रम्पेटवाल्याचा वेगळा. हे कागद हातानं लिहिले जात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पन्नास माणसं एकदम एका जागी थांबतात आणि एकदम उचलतात, त्यामागे कुणीतरी नीट आखलेला कागद असतो. आपण गाणं गुणगुणतो, त्या कागदाची आठवण कुणाला नसते.

तिकडच्या लिपीतला आणखी एक संकेत माझ्या चुकीशी थेट जोडलेला आहे. कोणते स्वर कोमल आणि कोणते तीव्र, याची खूण तिकडे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा देतात. पहिल्या ओळीत सांगितलं, आता कशाला, असं म्हणत नाहीत. हा सांगण्याचा दुबारपणा म्हणजे विमा असतो. आपल्याकडे तो विमा पानाच्या माथ्यावर असतो. राग शिवरंजनी, ताल अमुक, लय अमुक, आणि खाली आरोह-अवरोह. मधल्या एखाद्या ग खालची रेघ झिजली, तुटली, तरी माथा वाचणारा म्हणतो, अरे, शिवरंजनीत शुद्ध गंधार कसा?

मग माझ्या पुस्तकात हा विमा का नव्हता? कारण तो मीच काढून टाकला होता. मुलांचं पुस्तक आहे, रागाची नावं कशाला, पान कसं मोकळं दिसलं पाहिजे, असं मीच म्हणालो होतो. बुवा एकदा म्हणाले होते, "भाई, नाव राहू द्या." मी ऐकलं नाही. पुढचं काम डीटीपीवर झालं. मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना अक्षरं आली, अक्षरांखालच्या रेघा मागे राहिल्या. प्रूफ माझ्याकडे आलं. मी दोनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, अनुस्वार पाहिले, स्वल्पविराम पाहिले. मी माझे शब्द तपासले. स्वर तपासले नाहीत. ते बुवांकडे पाठवायला हवे होते, पण छपाईची घाई होती. मुद्रकाला मी किती दिवस बोल लावत होतो, पण हिशेब केला तर पहिली चूक माझीच निघते.

आज परिस्थिती थोडी सुधारली आहे. युनिकोडमध्ये वेदपठणाच्या खुणांसाठी अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ, अशी स्वतंत्र चिन्हं आहेत. योगायोग असा, की कोमल आणि तीव्र स्वरांसाठी आपल्याला याच दोन आकारांची गरज असते. म्हणून ग॒ असं लिहिलं, की ती रेघ नुसती सजावट न राहता अक्षराचाच भाग होते. मजकूर इकडून तिकडे नेला तरी ती बरोबर जाते. मंद्राच्या बिंदूसाठी नुक्ता आहे, तारासाठी अनुस्वार उपयोगी पडतो. अर्थात फॉन्ट धड नसेल तर बिंदू आणि रेघ एकमेकांवर चढतात, म्हणून छापलेला कागद डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. आणि संगणकावर ठेवलं म्हणजे कायमचं राहिलं, असंही समजू नये. १९८८ मध्ये आलेला फिनाले हा पाश्चात्त्य स्वरलिपीचा नावाजलेला प्रोग्रॅम २०२४ मध्ये त्याच्या कंपनीनं थांबवला. आयुष्यभराचं काम त्यात ठेवणाऱ्या संगीतकारांना आपापल्या गाठोड्याची सोय लावावी लागली. कागदाची एक स्वच्छ प्रत घरात असावी, हे जुनं मत अजून तरी खरं आहे.

एवढं सगळं करूनही पान सगळं सांगत नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. मारवा आणि पूरिया यांचे सहा स्वर तेच. कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठल्याला नुसता स्पर्श करायचा, यावर राग वेगळा होतो, आणि ते कानानंच घ्यावं लागतं. स्वरलिपी म्हणजे पत्ता. घरात माणूस कसा आहे ते पत्त्यावरून कळत नाही. पण पत्ताच चुकला, तर आपण भलत्याच घरी जाऊन पोचतो आणि तिथेही चहा मिळतो, म्हणून चूक कळतही नाही. माझ्या गाण्याचं तेच झालं.

पुढे आम्ही एक शुद्धिपत्र छापलं. वर ठळक अक्षरांत रागाचं नाव, चिन्हांची यादी आणि प्रत्येक ग खाली रेघ. या वेळी प्रूफ बुवांनी पेटीवर वाजवून तपासलं. स्वरलिपी तपासायची ती अशीच, वाचून नाही. जिथे जिथे पुस्तक गेलं होतं तिथे ते पोस्टानं पाठवलं. काही शाळांची उत्तरं आली, पुष्कळांची आली नाहीत. बुवा आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका लग्नघरी एक तरुण मुलगी पोळ्या लाटताना गुणगुणत होती. कान टवकारले. जात्याचंच गाणं, आणि तेही भूपात! कुठे शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, आईनं शिकवलं, ती शाळेत असताना शिकली होती. कवी मीच, हे मी तिला सांगितलं नाही. पण तेवढा एक गंधार थोडा उतरवून कसा म्हणायचा, ते माझ्या बेसूर आवाजात म्हणून दाखवलं. तिनं एकदा म्हणून पाहिलं. लाटणं थांबलं. मग तिनं पुन्हा म्हणून पाहिलं.